धाकटीचा ठिपका

धाकटे,

तुझी लेखकमंडळी तुझ्यावर एक छोटं पुस्तक काढताहेत आणि त्यातला पहिला लेख तुझ्या थोरल्या जाऊबाईंचाच हवा, असा त्यांचा हट्ट आहे. परवा तुझे पहिले लेखक, धरणवाले, स्वतः जिना चढून आले; त्यांच्या लेखी वरच्या मजल्यावरची मी अजून 'वरच्या बाई' आणि तू 'खालच्या बाई'. ऐंशी पार केलेला माणूस, गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी चढला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "वरच्या बाई, तुमच्याच शब्दांत लिहा. पण कृपा करून खालच्या बाईंना दुरुस्त करत बसू नका."

बघ आता. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच हातचं पाणी पिऊन हे वर ऐकवायचं.

तर लिहिते. तुला ठाऊक असलेल्याच बऱ्याच गोष्टी सांगणार आहे, कारण हे छापून परक्यांच्या हाती जाणार. कंटाळलीस तरी ऐक. आणि आडून आडून सुचवत बसण्याचा माझा स्वभाव नाही, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. मी तुझा हेवा करत आले. थोडाथोडका नाही, चांगला घसघशीत, तीस वर्षं. कारण अगदी साधं आहे. वर माझ्या कपाटात एक कादंबरी पडून होती, तीनशे चाळीस पानांची, बी.ए.ला कॉलेजात पहिल्या आलेल्या बाईनं लिहिलेली. आणि खाली, जिनं कॉलेज अर्ध्यावर सोडलं तिच्या दारात लोक आपापली पानं छातीशी धरून उभे असायचे. माझी पानं एका माणसानं वाचावीत आणि बरी आहेत म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तो माणूस म्हणजे तू. दुसऱ्या कोणाचं मत मला चाललं नसतं, हेच माझं दुखणं.

तू या घरात आलीस तेव्हा वीस वर्षांची होतीस. जाड भिंगांचा चष्मा, शाई लागलेली बोटं, आणि वाचताना ओठ हलायचे. मी सासूबाईंना म्हटलं होतं, "पहिलीतल्या पोरीसारखी वाचते ही." सासूबाई म्हणाल्या, "वाचू दे. तू नुसती पानं उलटतेस, त्यापेक्षा बरं." तेव्हापासून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

खालची पुढची खोली भाऊजींची. तिथे दोन टंकलेखन यंत्रं, एक बाकडं आणि भिंतीला टेकवलेली कागदांची रिमं. अर्ज, दाखले, भाडेकरार टाइप करून देणं हा त्यांचा धंदा. त्यांचं मनगट धरलं तेव्हा यंत्रावर तू बसलीस. कोणी बस म्हटलं नाही, तूच पदर खोचून बसलीस. दोन वर्षांत भाऊजी नुसते गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला उरले.

तेव्हा धरणवाले आले. त्यांनी सत्तावीस वर्षं धरणं बांधली होती आणि निवृत्त झाल्यावर आठवणी लिहिल्या होत्या. त्यातली पहिली साठ पानं नुसती काँक्रीटची. तू ती टाइप करून दिलीस तेव्हा त्यांच्या मूळ कागदांच्या समासात अधूनमधून पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. मी त्या वेळी भाऊजींना चहा द्यायला खाली आले होते, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं.

"हे काय? माझ्या कागदावर माश्या बसल्या होत्या काय?"

"नाही. तिथं माझा हात थांबला."

"थांबला म्हणजे? चूक आहे?"

"चूक-बरोबर मला काय कळतंय! टाइप करताना हात आपसूक चालतो. तिथं तिथं थांबला, म्हणून खूण केली. का थांबला ते तुम्हीच बघा. लिहिलंय तुम्ही."

धरणवाले तणतणत गेले. मला बरं वाटलं. म्हटलं, गेलं एक गिऱ्हाईक. आठ दिवसांनी माणूस परत आला तो एकोणीस पानं फेकून देऊन. एका ठिपक्यापाशी त्यांनी नवीन मजकूर लिहिला होता, पाण्याखाली गेलेल्या गावाचा. शेवटचा ट्रक निघाला तरी एक म्हातारा आपल्या दाराला कुलूप घालत होता आणि किल्ली खिशात टाकत होता, असं काहीसं. "हे लिहायचं टाळलं होतं मी," धरणवाले म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?" तू म्हणालीस, "मला नाही कळलं. हात थांबला."

झालं. महिन्याभरात दारावर पाटी लागली. पाटीवरचा मजकूर माझा, हे कोणाच्या लक्षात नाही: 'लेखन-साहाय्य. टंकलेखन, संपादन, छपाईपूर्व तयारी.' रंगाऱ्यानं 'संपादन' मोठं काढलं, कारण मधे जागा उरली होती.

तुझी कामाची रीत बघून कोणालाही हसू आलं असतं. मी तर हसायचेच. लेखकाची खुर्ची तू भिंतीकडे तोंड करून ठेवलीस, कारण वाचताना ते तुझ्या तोंडाकडे टक लावून बघत आणि तुला वाचता येत नसे. म्हणजे मोठमोठी माणसं कोपऱ्यात शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसलेली, आणि मागे तू ओठ हलवत वाचते आहेस. तासाला चार पानं. मी एवढ्या वेळात चाळीस संपवली असती. जिथे अडलीस तिथे एक ठिपका. शब्द नाही, बाण नाही, प्रश्नचिन्ह नाही. पेन्सिल मऊ शिशाची, कारण ठिपका पुसता यायला हवा. आणि तो पुसायचा लेखकानंच, स्वतःच्या हातानं, त्याचं त्याला उमगलं की. कोणी विचारलंच, "बाई, इथं काय करू?" तर तुझं ठरलेलं उत्तर: "घरी जा, जेवा, झोपा. मग बघा."

याला लोक संपादन म्हणत. मी याला वेळकाढूपणा म्हणत असे.

मी शाळेत एकतीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झाले आणि खाली येऊन म्हटलं, "धाकटे, मी आजपासून तुझ्या मदतीला." तू इतकी आनंदलीस की मलाच लाज वाटली. खिडकीपाशी, चांगल्या उजेडात, मला टेबल दिलंस. स्वतः आत अंधारात सरकलीस. मी लाल पेन काढलं. पंधरवड्यात खोलीत एक म्हण तयार झाली: वरच्या बाईंकडे कागद गेला की तांबडा होऊन येतो. रहस्यकथा लिहिणारा एक बसकंडक्टर होता. त्याला म्हटलं, "द्या इकडे, मी मोकळी आहे." तर तो वही पाठीमागे लपवत म्हणाला, "नको, मी थांबतो. घाई नाही. खालच्या बाईंचाच नंबर लागू दे." दीड तास बाकावर बसून राहिला. जणू मी दात काढणार होते!

काम मात्र मी चोख केलं, हे लिहून ठेवते. मुद्रितं तपासली, सूची केल्या, छापखान्यांशी भांडले, मुखपृष्ठावर लेखकाचं नाव उलटं छापलं गेलं तेव्हा रिक्षा करून जाऊन छपाई थांबवली. पुस्तक हातात आलं की मी आधी ऋणनिर्देश उघडत असे. सगळीकडे तेच. 'खालच्या बाईंचे आभार कोणत्या शब्दांत मानू' अशी सुरुवात, मग अर्धं पान तू, तुझी पेन्सिल, तुझा धीर. आणि तळाला, छापखाना आणि कागदवाल्याच्या मधे, 'मुद्रितं तपासल्याबद्दल वरच्या बाई'. एक्केचाळीस पुस्तकं मी अशी तपासली. एक्केचाळीस वेळा कागदवाल्याच्या शेजारी बसले.

पण खरा घाव घरातून बसला. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांच्या आईवर बारा पानं लिहिली. मला पत्ता नाही! मला ती सापडली तुझ्या टेबलावर, तुझ्या ठिपक्यांसकट. वर जाऊन विचारलं, "घरात बी.ए. झालेली बायको बसलीय आणि तुम्ही पानं घेऊन जिना उतरलात?"

हे चष्मा पुसत म्हणाले, "अगं, रागावू नकोस. पण ती वाचते. तू तपासतेस."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते ठीक. पण शेजारच्या शेतातलं विकत घेऊन यायचं आणि वर हे सांगायचं! तीन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी ती बारा पानं चोरून वाचली. चांगली होती. तेही यांना सांगितलं नाही.

आता नर्सबाईंचं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि तूही सांगितलं नाहीस.

नर्सबाईंनी लहान मुलांच्या वॉर्डात अडतीस वर्षं काढली होती. हस्तलिखित आलं, तू एकदा वाचून ठिपके दिलेस, त्यांनी दुरुस्त करून आणलं, आणि तू लेकीकडे बाळंतपणाला आठ दिवस गेलीस. स्वच्छ प्रत तयार करायचं काम माझ्याकडे. त्यात एक जागा होती. त्यांच्या हातून गेलेलं पहिलं मूल. नर्सबाईंनी लिहिलं होतं: 'नऊ नंबरची खाट रिकामी झाली. मी चादर बदलली. दुपारी दुसरं मूल आलं.' बस, एवढंच. मूल गेलं आणि बाई चादरीचं बोलते! मला ते सहन होईना. त्या तीन वाक्यांवर तू ठिपकाही दिला नव्हतास.

माझ्या कादंबरीत एका मुलाच्या मरणाचं पान होतं. अकरा वेळा लिहिलेलं, माझ्या मते सगळ्यांत उत्तम. मी ते काढलं, थोडं जुळवून घेतलं आणि चादरीच्या जागी टाइप केलं. 'नियतीच्या निष्ठुर हातांनी ते कोवळं फूल खुडलं' इथपासून खाली पानभर. परोपकार म्हणून केलं नाही, धाकटे. तू ते पान वाचशील, तुझा हात थांबणार नाही, आणि माझं मला कळेल, यासाठी केलं. तुला न सांगता तुझी परीक्षा घेतली. खरं म्हणजे माझी.

तू परत आलीस. नर्सबाईंना बोलावलंस. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या, मी खिडकीपाशी कुणाचं तरी मुद्रित पुढ्यात घेऊन बसले. इतक्या वर्षांत तुझ्या पेन्सिलीचा आवाज मला पाठ झाला होता: टेबलावर कागद, त्यावर टोक, टक्. पहिली आठ पानं एकही आवाज नाही. मग तू माझ्या पानावर आलीस. मला कागदांच्या गठ्ठ्याच्या उंचीवरूनच कळलं.

टक्. थोड्या वेळानं टक्. मग टक्, टक्. मी मोजत होते. अकरा.

एवढे ठिपके तू एका पानावर कधी कोणाला दिले नव्हतेस. बसकंडक्टरलाही नाही.

"नर्सबाई," तू विचारलंस, "चादर कुठं गेली?"

त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हीच बदललंत. छापायचं म्हणजे असंच लागत असेल, म्हटलं. भाषा फार भारी आहे."

"भारी आहे. पण चादर?"

मग नर्सबाई म्हणाल्या, "चादर मीच बदलली होती, बाई. अजून उबदार होती."

"मग तेवढं लिहा ना," तू म्हणालीस.

त्यांनी तिथेच बसून लिहिलं. चार शब्द वाढले. पुढे पुस्तक निघालं तेव्हा जो तो ती चादरच आठवायचा. अनोळखी माणसं नर्सबाईंना पत्रं लिहीत, त्यात चादर. माझं पान मी टोपलीतून उचलून घरी नेलं.

नर्सबाई गेल्यावर तू पेन्सिलीला टोक काढत बसलीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ताई, ते पान तुमचं?"

"कशावरून?"

"इतकं स्वच्छ दुसरं कोण लिहितं इथं?"

"स्वच्छ होतं तर अकरा ठिपके कशाला?"

"हात थांबला, ताई. काय करू?" मग तू चष्मा कपाळावर सरकवलास. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. माझी भांडायची तयारी होती. तू विचारलंस ते भलतंच. "आणखी आहे? कुठून तरी काढलेलं दिसतं."

मी म्हटलं, "आहे. तीनशे चाळीस पानं."

"अगंबाई! आणि इतकी वर्षं सांगितलं नाहीत? आणा ना. वाचते मी."

"तुला कामं आहेत."

"कामं असतात हो. आणा तुम्ही. फक्त एक करा, माझ्या पेन्सिली संपत आल्यात. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मऊ शिशाच्या दोन घेऊन या. तुमचं नवीन पेन्सिलीनं वाचते."

"दोन कशाला? एवढे ठिपके?"

तू खदखदून हसलीस. "एक हरवते नेहमी."

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "मऊ शिशाच्या? आहेत की. किती देऊ?" डबा काउंटरवर ठेवला. आणि मला तो आवाज ऐकू यायला लागला. तीनशे चाळीस पानं, पानाला अकरा. मी म्हटलं, "राहू द्या. पत्राची पाकिटं द्या डझनभर."

तुला येऊन सांगितलं, मऊ शिशाच्या नव्हत्या.

"बरं. आल्या की आणा."

पुढच्या आठवड्यात तू विचारलंस तेव्हा म्हटलं, दुकान बंद होतं. महिन्यानं पुन्हा नुसतं म्हणालीस, "ताई, दुकान?" मी म्हटलं, "गर्दी होती गं." तू मान हलवलीस. मग विचारणं सोडलंस. मी मात्र तुझ्यावर चडफडत राहिले, की बघा, बसकंडक्टरची सात पुस्तकं वाचायला हिला वेळ आहे, घरच्या माणसाचं वाचायला पेन्सिल नाही! असंही वाटतं माणसाला. चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या कशाला म्हणतात?

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. भाऊजी गेले. मग तुझे डोळे. आधी कडेचं दिसेना, मग मधलं. डॉक्टरनं सांगितलं, आता जे आहे तेवढंच, तेही हळूहळू जाईल. तू पाटी उतरवलीस आणि लेकीकडे राहायला गेलीस. मला वाटलं, संपलं एकदाचं. लिहिते आहे तर खरंच लिहिते: क्षणभर हलकं वाटलं मला. आता सगळ्यांचीच पानं तुझ्याविना, माझ्यासारखी.

कसलं काय! तुझी माणसं बस बदलून बदलून तिकडे पोचली. ते तुला मोठ्यानं वाचून दाखवतात, तू खुर्चीच्या हातावर बोट ठेवून ऐकतेस, आणि हात थांबायचा तिथे बोटानं टक् करतेस. धरणवाले सांगत होते, "पूर्वी ठिपका पुसता तरी यायचा. आता कानातून जात नाही." आणि हे सांगताना म्हाताऱ्याच्या तोंडावर काय तेज! डोळे गेले तरी तुझं एक गिऱ्हाईक गेलं नाही. माझे दोन्ही डोळे अजून शाबूत आहेत; मोतीबिंदूही व्यवस्थित काढून झालेत. माझ्याकडे कोण येतं?

खोली आवरायला तुझी लेक आणि मी दोघी होतो. तुझ्या टेबलाचा खालचा खण अडकला होता, ओढून काढला. आत मऊ शिशाच्या पेन्सिलींचे तीन डबे. एक वापरातला, दोन न उघडलेले, वरच्या कागदाचा रंग उडालेला. मी म्हटलं, "हे कधीचे?"

लेक म्हणाली, "काकू, बाबा डझनानं आणून ठेवायचे. आईच्या पेन्सिली कधी संपल्यात का?"

मी खण परत लावला. जरा जोरातच लावला.

परवा धरणवाले निघाले, अर्धा जिना उतरले आणि थांबून म्हणाले, "हां, एक राहिलं. खालच्या बाईंनी निरोप दिलाय तुम्हाला. मला काही अर्थ लागला नाही. म्हणाल्या, ताईंना विचारा, दुकान उघडलं का?"

मी म्हटलं, "विचारते दुकानदाराला."

काल गेले. दुकान उघडं होतं. गर्दी नव्हती. दुकानदार आता थकलाय, पण ओळखतो. "काय देऊ, बाई?" म्हणाला. पेन्सिलींचा डबा त्याच्या मागच्या फळीवर समोरच होता, नाव वाचता येत होतं मला. मी पाकिटं घेऊन आले. हे पत्र त्यातल्याच एका पाकिटातून पाठवते आहे.